फाल्सिपेरम आला कुठून? हिवतापाच्या परजीवीचा वंशवृक्ष घरच्या लॅपटॉपवर मांडण्याची कृती

साताऱ्यात किंवा सांगलीत कुणाच्या रक्तात हिवताप सापडला, तर रिपोर्टवर बहुतेक वेळा ‘पीव्ही’ नाहीतर ‘पीएफ’ लिहिलेले असते. पीव्ही म्हणजे प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स, पीएफ म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम. दोघेही तांबड्या पेशींत वाढतात, दोघांनाही अ‍ॅनोफिलिसची मादी पसरवते आणि आजाराचे नावही एकच. त्यामुळे हे दोघे सख्खे भाऊ असावेत असे वाटते. ते तसे नाहीत. फाल्सिपेरमचे सगळ्यात जवळचे नातलग आफ्रिकेतल्या गोरिला आणि चिंपांझींच्या रक्तात राहतात. व्हायव्हॅक्सशी त्याचे नाते फार लांबचे आहे.

हे कुणी सांगितले म्हणून मानायची गरज नाही. परजीवींच्या डीएनएच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत, लागणारे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एका सुट्टीच्या दुपारी काम होते. प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. बारावीपर्यंतचे जीवशास्त्र आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी झाड वाचायला शिका

सगळ्यात जास्त चुका झाड काढताना होत नाहीत, ते वाचताना होतात. म्हणून कृष्णेचा नकाशा समोर घ्या. वेण्णा कृष्णेला माहुलीला मिळते, कोयना कराडला, वारणा हरिपूरला, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. आता असे समजा की प्रत्येक नदीचा उगम म्हणजे आज जिवंत असलेला एक परजीवी. प्रवाहाबरोबर खाली जाणे म्हणजे काळात मागे जाणे, आणि संगम म्हणजे त्या दोघांचा सामाईक पूर्वज. नाते ठरवताना प्रश्न एकच: खाली जाताना कोणता संगम आधी लागतो? कृष्णेला वेण्णा जवळची, कारण माहुली आधी येते. कोयना तिच्यामागून, कराडला.

कोयनेचा उगमही महाबळेश्वरलाच आहे, कृष्णेच्या अगदी शेजारी. पण उगम शेजारी असल्याने संगम लवकर होत नाही. वंशवृक्षातही दोन नावे कागदावर लागून छापली गेली, एवढ्यावरून ती जवळची ठरत नाहीत. फांद्या कुठे जुळतात तेवढेच बघायचे. आणि वेण्णेतून कृष्णा उगम पावत नाही, तसेच चिंपांझीच्या आजच्या परजीवीपासून माणसाचा परजीवी ‘झाला’ असेही म्हणता येत नाही. दोघांचा पूर्वज एक, एवढेच झाड सांगते.

कोणता जनुक घ्यायचा

फाल्सिपेरमच्या केंद्रकातला जनुकसंच सुमारे २.३ कोटी अक्षरांचा आहे, १४ गुणसूत्रांत वाटलेला. त्यातली जवळजवळ ८० टक्के अक्षरे ए आणि टी हीच आहेत. अशा एकसुरी मजकुरात दोन प्रजातींची अक्षरे एकाखाली एक लावणे नवशिक्यासाठी अवघड जाते. त्याऐवजी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घ्या. तो जेमतेम ६,००० अक्षरांचा असतो आणि त्यात प्रथिनांचे जनुक तीनच. प्रत्येक परजीवीत त्याच्या अनेक प्रती असतात, म्हणून जंगलातून गोळा केलेल्या वानरांच्या (म्हणजे गोरिला-चिंपांझींच्या) विष्ठेतही तो सापडतो. शिवाय तो फक्त मादी युग्मकाकडून पुढे जातो, त्यामुळे त्याची वंशरेषा सरळ राहते. या तीनपैकी सायटोक्रोम बी हा जनुक आपल्याला हवा. पूर्ण लांबी १,१३१ अक्षरे, म्हणजे ३७६ अमिनो आम्ले आणि शेवटी ‘थांबा’ सांगणारे त्रिकूट.

१८-एस हा रायबोसोमचा जनुक पुस्तकांत सारखा दिसतो, पण पहिल्याच प्रयत्नात तो घेऊ नका. प्लाझ्मोडियममध्ये त्याच्या वेगवेगळ्या जातीच्या प्रती असतात, काही रक्तातल्या अवस्थेत वापरल्या जातात तर काही डासातल्या अवस्थेत. एका प्रजातीची एक प्रत आणि दुसरीची दुसरीच प्रत उचलली, तर झाड प्रजातींचे न होता प्रतींचे होते, आणि चूक झाली हे समजतही नाही.

पायरी १: नोंदी गोळा करणे

एनसीबीआय या डीएनए-नोंदींच्या खुल्या भांडाराच्या संकेतस्थळावर ‘न्यूक्लिओटाइड’ हा विभाग निवडा. शोधपेटीत प्रजातीचे नाव आणि ‘सायटोक्रोम बी’ हे शब्द रोमन लिपीत टाका. डाव्या बाजूला ‘सिक्वेन्स लेंथ’ ही चाळणी असते, तिथे ९०० ते ६,५०० ठेवा. म्हणजे सुटा जनुक आणि अख्खा मायटोकॉन्ड्रिया असे दोन्ही प्रकार दिसतील आणि तुकडे गाळले जातील.

यादी अशी ठेवा. माणसाचा फाल्सिपेरम ३ नोंदी, शक्यतो तीन वेगळ्या खंडांतून. त्यातली एक एम ७६६११ ही जुनी, पूर्ण मायटोकॉन्ड्रियाची नोंद. गोरिलातला प्रीफाल्सिपेरम ३. चिंपांझीतला रायकेनोवी २. मग गोरिलातले अ‍ॅडलेरी आणि ब्लॅकलॉकी, चिंपांझीतले गॅबोनी आणि बिलकॉलिन्सी, प्रत्येकी १. दुसऱ्या बाजूचे व्हायव्हॅक्स, मलेरिये आणि मॅकाक माकडांतला नोलेसी, प्रत्येकी १. कोंबड्यांतला प्लाझ्मोडियम गॅलिनेशियम १. आणि सगळ्यांच्या बाहेरचा म्हणून पक्ष्यांच्याच रक्तातला पण वेगळ्या वंशाचा ल्युकोसायटोझून १. एकूण १७.

हा शेवटचा का, हे समजून घ्या. झाडाला मूळ द्यायला एक बाहेरचा लागतोच. बरेच जण गॅलिनेशियमलाच बाहेरचा धरतात. पण ‘फाल्सिपेरम पक्ष्यांकडून माणसात आला का?’ हा प्रश्न तपासायचा असेल, तर पक्ष्यांच्या परजीवीला आधीच बाहेर बसवून चालणार नाही. उत्तर प्रश्नात घुसवल्यासारखे होईल. म्हणून गॅलिनेशियम आत ठेवा आणि ल्युकोसायटोझून बाहेर.

वानरांतल्या परजीवींच्या नोंदी शोधताना दोन अडचणी येतात. जुन्या नोंदींत प्रजातीचे नाव नसते, गटाचा क्रमांक असतो: ‘जी-१’ म्हणजे गोरिलातला पहिला गट, तोच पुढे प्रीफाल्सिपेरम झाला, ‘सी-१’ म्हणजे चिंपांझीतला पहिला गट, रायकेनोवीचा. दुसरी अडचण जास्त घातक आहे. नोंद उघडून ‘होस्ट’ आणि ‘आयसोलेशन सोर्स’ ही दोन घरे वाचल्याशिवाय ती घेऊच नका. पिंजऱ्यात किंवा अनाथालयात माणसांच्या सहवासात वाढलेल्या चिंपांझी-बोनोबोंना माणसाचाच फाल्सिपेरम होऊ शकतो आणि झालेला आहे. अशी एक नोंद यादीत शिरली की माणसांच्या फांदीत मध्येच बोनोबो दिसतो आणि नवशिक्याला वाटते आपण काहीतरी शोधले. रानातल्या प्राण्याच्या विष्ठेतून मिळालेल्या नोंदीला प्राधान्य द्या.

नोंद अख्ख्या मायटोकॉन्ड्रियाची असेल तर त्यातला फक्त आपला जनुक काढायचा. नोंदीत खाली ‘सीडीएस’ (प्रथिनाचा जनुक) असे तीनदा येईल. ज्यापुढे ‘सायटबी’ किंवा ‘सीओबी’ लिहिले आहे (दोन्ही नावे एकाच जनुकाची) त्या ‘सीडीएस’वर क्लिक करा. तळाशी पट्टी उघडते, तिच्यातून ‘फास्टा’ (नाव आणि खाली अक्षरे, असे साधे स्वरूप) निवडा. सगळ्या नोंदी एकाच साध्या मजकूर-फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवा. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत ‘मोठा आहे’चे चिन्ह ठेवून पुढचे लांबलचक नाव छोटे करा: प्रजाती, यजमान, देश, नोंद क्रमांक, मध्ये जागा न सोडता खालची रेघ. हे आळसाने टाळले तर शेवटी झाडावर १७ अगम्य क्रमांक दिसतात आणि कोण कोण ते शोधण्यात संध्याकाळ जाते. फाइल वर्डमध्ये ठेवू नका, नोटपॅडमध्ये ठेवा. वर्ड न दिसणारी चिन्हे घालतो आणि पुढचे सॉफ्टवेअर त्यावर अडते.

पायरी २: अक्षरे एकाखाली एक लावणे

‘मेगा’ हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या. ‘अलाइन’ मधून नवी डीएनए मांडणी उघडा, फाइल आत घ्या, सगळ्या ओळी निवडा आणि ‘मसल’ हा अक्षरे जुळवणारा प्रोग्रॅम चालवा. दोन पर्याय दिसतील, साधा डीएनए आणि ‘कोडॉन’. कोडॉन निवडा. प्रथिनाचा जनुक तीन-तीन अक्षरांच्या घासांत वाचला जातो, तेव्हा मोकळ्या जागाही तीनच्या पटीत पडायला हव्यात.

इथे जनुकीय संकेताचा तक्ता विचारला जातो. ‘प्रोटोझोअन मायटोकॉन्ड्रियल’, म्हणजे चार क्रमांकाचा तक्ता निवडा. सवयीने ‘व्हर्टिब्रेट मायटोकॉन्ड्रियल’ निवडला तर एजीए हे त्रिकूट, जे आपल्या परजीवीत आर्जिनीन आहे, ते थांबा म्हणून वाचले जाते आणि भाषांतराच्या खिडकीत मध्ये-मध्ये तारे (‘थांबा’ची खूण) दिसू लागतात. तारे दिसले की आधी तक्ता तपासा. तक्ता बरोबर असूनही एखाद्याच ओळीत तारे असतील, तर ती ओळ एक किंवा दोन अक्षरे पुढे-मागे सुरू झाली आहे. सुरुवातीची एक-दोन अक्षरे कापून पुन्हा बघा.

एखादी ओळ बाकीच्यांशी अजिबात जुळत नाही, सगळीकडे भोके पडली आहेत, असे झाले तर ती बहुधा उलट्या बाजूची आहे. ‘डेटा’ यादीत ‘रिव्हर्स कॉम्प्लिमेंट’ आहे, ते त्या एका ओळीवर वापरा आणि मसल पुन्हा चालवा. वानरांतल्या नोंदी अनेकदा १,१३१ पेक्षा आखूड असतात. त्यामुळे दोन्ही टोकांना ज्या जागी निम्म्याहून जास्त ओळी रिकाम्या आहेत, तो भाग कापून टाका. शेवटी सुमारे साडेनऊशे अक्षरे उरली तरी भरपूर आहेत.

कापण्यापूर्वी एक जागा जवळून पाहा: ८०२ ते ८०४ ही तीन अक्षरे, म्हणजे २६८वे अमिनो आम्ल. बहुतेक फाल्सिपेरममध्ये इथे टायरोसीन असते. अ‍ॅटोव्हाक्वोन या औषधाला न जुमानणाऱ्या परजीवीत ८०३व्या जागी ए चा सी होतो आणि टायरोसीनच्या जागी सेरीन येते. तुमच्या एखाद्या नोंदीत हा बदल दिसला तर तो वंशाचा नाही, औषधाच्या दाबाखाली झालेला आहे. अशी नोंद बदलून साधी घ्या.

पायरी ३: झाड काढणे

मांडणी मेगाच्या स्वरूपात साठवा. मग ‘मॉडेल्स’ मधून योग्य मॉडेल, म्हणजे अक्षरे कशी बदलतात याचे गणित, शोधायला सांगा. जो तक्ता येईल त्यात बीआयसीचा आकडा सगळ्यात कमी असलेले मॉडेल सगळ्यात वर असते, तेच घ्या. ‘फायलॉजेनी’ मधून ‘मॅक्झिमम लाइकलिहूड’ निवडा, मॉडेल भरा, चाचणी म्हणून ‘बूटस्ट्रॅप’ ५०० फेऱ्यांचा ठेवा, रिकाम्या जागांसाठी ‘पार्शल डिलीशन’ ठेवा. ‘कम्प्लीट डिलीशन’ ठेवले तर एका आखूड नोंदीपायी सगळ्यांची अक्षरे गळतात. १७ नोंदींना साध्या लॅपटॉपवरही फार वेळ लागत नाही.

झाड आले की ल्युकोसायटोझूनच्या फांदीवर क्लिक करून तिथे मूळ द्या. फांद्यांवरचे आकडे म्हणजे ५०० फेऱ्यांपैकी शेकडा किती वेळा तो संगम पुन्हा मिळाला. ७० च्या खालच्या संगमावर काही बांधू नका. खोल, जुन्या संगमांवर आकडे कमीच येतील, कारण हजारभर अक्षरांत तेवढी माहिती नसते.

आता वाचा. फाल्सिपेरम, प्रीफाल्सिपेरम, रायकेनोवी आणि बाकीचे चार वानर-परजीवी एका गटात दिसतील. या गटाला लॅव्हेरानिया म्हणतात, १८८० मध्ये अल्जीरियात हा परजीवी प्रथम पाहणाऱ्या लॅव्हेरां यांच्या नावावरून. व्हायव्हॅक्स आणि नोलेसी एकमेकांजवळ, पण या गटाबाहेर. गॅलिनेशियमही बाहेर. म्हणजे रिपोर्टवरच्या पीएफ आणि पीव्ही यांचा संगम फार खाली लागतो.

मग ‘डिस्टन्स’ मधून जोडी-जोडीतला अक्षरांचा फरक काढा. तीन खंडांतल्या तीन फाल्सिपेरममध्ये फरक एक-दोन अक्षरांचा, कधी शून्य. फाल्सिपेरम आणि रायकेनोवीमध्ये तोच दोन आकडी. जगभर पसरलेला परजीवी आतून इतका एकसारखा आहे, याचा अर्थ तो थोड्याच पूर्वजांपासून पसरला. झाडावर हेच दिसते: फाल्सिपेरमच्या तीन फांद्या इतक्या आखूड की जवळजवळ एकच वाटतात.

पायरी ४: गोरिला काढून टाका, मग परत आणा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची कृती हीच. नोंदींच्या यादीत गोरिलातल्या सगळ्या नोंदींसमोरची खूण काढा आणि झाड पुन्हा काढा. आता फाल्सिपेरमचा शेजारी रायकेनोवी, आकडाही दमदार. कुणीही म्हणेल, माणसाचा हिवताप चिंपांझीकडून आला. २००९ पर्यंतचा पुरावा नेमका इथे नेत होता. त्याआधी तर रायकेनोवीचा अभ्यासायला मिळालेला नमुना एकच होता. आणि १९९१ मध्ये, जेव्हा रायकेनोवीही यादीत नव्हता, तेव्हा १८-एसच्या झाडावर फाल्सिपेरम पक्ष्यांच्या परजीवींजवळ बसला होता आणि तो कोंबड्या-पक्ष्यांकडून आला असे मांडले गेले. १९९४ मध्ये रायकेनोवी यादीत आला आणि ते मत मागे पडले.

आता गोरिलाच्या खुणा परत लावा. फाल्सिपेरम रायकेनोवीला सोडून प्रीफाल्सिपेरमजवळ जातो. २०१० मध्ये बिएट्रिस हान यांच्या गटाने मध्य आफ्रिकेतून गोळा केलेले रानटी वानरांच्या विष्ठेचे जवळजवळ ३,००० नमुने तपासले आणि हेच दाखवले: माणसांतले सगळे फाल्सिपेरम पश्चिमी गोरिलांतल्या परजीवींच्या विविधतेच्या आत बसतात. त्यांनी आणखी एक काळजी घेतली होती. एकाच वानरात अनेक परजीवी असतात, आणि नेहमीच्या पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) दोघांचे अर्धवट तुकडे जुळून अस्तित्वातच नसलेला डीएनए तयार होतो. म्हणून त्यांनी नमुना इतका पातळ केला की एका नळीत जास्तीत जास्त एकच रेणू यावा. खुल्या नोंदी निवडताना अशा पद्धतीने मिळालेल्या नोंदी घ्या. कोणत्या, ते नोंदीसोबतच्या शोधनिबंधात असते.

१९९१चे, गोरिला वगळून काढलेले आणि गोरिलासह काढलेले: तीन झाडे, तीन उत्तरे, आणि गणित कुठेच चुकलेले नाही. ज्यांना विचारलेच नाही त्यांचे उत्तर झाडात येत नाही. वर्गात शिकवत असाल तर ही तीन झाडे शेजारी-शेजारी छापून भिंतीवर लावा.

वय काढायच्या मोहात पडू नका

मेगात ‘टाइम ट्री’चा पर्याय दिसतो आणि हात शिवशिवतात. इथे थांबा. अक्षरे किती वेगाने बदलतात हे बाहेरून द्यावे लागते आणि त्यासाठी वापरता येतील असे या गटाचे जीवाश्म आपल्याकडे नाहीत. परजीवीच्या पिढ्या माणसात वेगळ्या वेगाने होतात, डासात वेगळ्या. २०१८ मध्ये लॅव्हेरानिया गटाचे संपूर्ण जनुकसंच तुलनेला घेऊन जो अंदाज निघाला तो असा: फाल्सिपेरमची वाट ४० ते ६० हजार वर्षांपूर्वी वेगळी होऊ लागली आणि ४ ते ६ हजार वर्षांपूर्वी त्याची संख्या फार घटून तो एका अरुंद फटीतून गेला. तुमच्या तीन नोंदींतला एक-दोन अक्षरांचा फरक त्याच फटीची खूण आहे. पण हे वय हजारो जनुकांवरून आणि गृहीत धरलेल्या वेगावरून आले आहे; साडेनऊशे अक्षरांवरून ते काढता येत नाही.

पुढच्या रविवारसाठी: ज्या जनुकाचे झाड वेगळे निघते

पहिले झाड जमले की ‘प्लाझ्मोडीबी’ या प्लाझ्मोडियमच्या जनुकांच्या संकेतस्थळावर पीएफ३डी७_०४२४१०० हा जनुक उघडा. हा आरएच५. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचे बॅसिजिन हे प्रथिन धरून परजीवीला आत शिरायला तो लागतो. तो नसेल तर फाल्सिपेरमला माणसाच्या पेशीत प्रवेश नाही. त्याच पानावर ‘ऑर्थोलॉग्ज’ची, म्हणजे दुसऱ्या प्रजातींतल्या याच जनुकाची, यादी आहे. तिच्यातून प्रीफाल्सिपेरम, रायकेनोवी, बिलकॉलिन्सी, गॅबोनी आणि अ‍ॅडलेरी यांचे प्रथिन-क्रम घ्या. व्हायव्हॅक्सचा शोधत बसू नका, त्याच्यात हा जनुक नाही. म्हणूनच या झाडाला बाहेरचा मिळत नाही. मूळ न देताच ते वाचा, ‘अनरूटेड’ मांडणीत. फाल्सिपेरमचे प्रथिन ५२६ अमिनो आम्लांचे आहे. एखादा क्रम त्याच्या निम्माच भरला तर तो अर्धवट आहे, घेऊ नका.

आता पहिल्या झाडाशी ताडून पाहा. तिथे अ‍ॅडलेरी फाल्सिपेरमपासून लांब, गॅबोनीच्या शेजारी होता. आरएच५च्या झाडात मात्र तो फाल्सिपेरम आणि प्रीफाल्सिपेरमच्या लगत येऊन बसतो आणि रायकेनोवी मागे सरकतो. तुमची मांडणी चुकलेली नाही. गोरिलांत दोन परजीवी एकाच वेळी राहत असताना अ‍ॅडलेरीच्या घराण्यातला डीएनएचा एक तुकडा फाल्सिपेरमच्या पूर्वजात गेला, आणि आरएच५ त्याच तुकड्यात होता. शेजारचा पीएफ३डी७_०४२३८०० हा जनुकही त्यातच आहे; त्याचे झाड काढून बघा, तोही तीच गोष्ट सांगतो. थोडे लांबचे, दुसऱ्या गुणसूत्रावरचे जनुक घेतले की अ‍ॅडलेरी पुन्हा गॅबोनीजवळ जातो.